सात फेऱ्या उसवलेलं मांजर

मोठ्या बाईंच्या मांजरांना मिश्या नसायच्या. कान असायचे, शेपूट असायची, काळ्या दोऱ्याचे दोन डोळे असायचे आणि ते दोन्ही कधीच एका रेषेत नसायचे. मिश्या मात्र नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "टोचतात गो. पोर अंगावर प्यायला लागलं की त्याच्या गालाला लागतील."

मांजर म्हणजे ब्रोच. दोन बोटं रुंद, क्रोशाच्या सुईनं विणलेला, मागे सेफ्टी पिन शिवलेली. आमच्या आरोग्य केंद्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला बाई स्वतः विणलेलं लोकरीचं टोपडं घालायच्या. टोपड्यांतून उरलेली लोकर कापसाच्या रिकाम्या डब्यात साठायची आणि तिची मांजरं व्हायची. हिरव्या तोंडाला गुलाबी कान, पिवळ्या अंगाला जांभळी शेपूट, जे हाताला येईल ते. बाळंतपण पार पडलं, सगळं आवरलं, की बाई ते मांजर आईच्या पोलक्याला खांद्यापाशी लावून द्यायच्या. "पोराला सगळे देतात. टोपडं देतात, झबलं देतात, काळा दोरा देतात. आणि हिला? हिला सल्ले!"

मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला आमचं केंद्र होतं. नाव सांगत नाही. चार खोल्या, एक बाळंतपणाचं टेबल, बाहेर पत्र्याची पडवी. मोठ्या बाई तिथे वीसेक वर्षं मुख्य नर्स होत्या. मी नवी नर्स म्हणून गेले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मी आटगावची. माझी आई घरी स्वेटर विणून द्यायची, आणि आमच्या घरचा नियम एकच: चूक दिसली की उसवायचं. मग ती पाठीवर असो, काखेत असो, कुणाला दिसणार असो की नसो. आई माझ्या हातातलं विणकाम घ्यायची, न बोलता सुई काढायची आणि सर्रकन धागा ओढायची. मी रडायचे. पुढे पुढे मीच स्वतःचं उसवायला लागले, मग दुसऱ्यांचंही. वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात, हा माझा रोग आहे आणि या गोष्टीत सगळं नुकसान त्या रोगानं केलं आहे.

तर अशा मला बाईंची मांजरं बघवायची नाहीत. टाके सुटलेले, पोट एका बाजूला फुगलेलं. आणि ती त्या कुठे विणायच्या? बाळंतपणाच्या खोलीत! समोर बाई कळा देतेय, घामानं निथळतेय, आणि मोठ्या बाई स्टुलावर बसून क्रोशाचे मुके खांब घालत विणताहेत. पहिल्या आठवड्यात माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, निवृत्ती जवळ आली म्हणून माणसानं इतकं निगरगट्ट व्हावं?

त्यांच्या इतर तऱ्हाही काही कमी नव्हत्या. "घाबरू नकोस" हे दोन शब्द त्या खोलीत उच्चारायला बंदी होती. मी एकदा उच्चारले तर मला हाताला धरून पडवीत नेलं. "घाबरू नको म्हटलं की माणूस इकडंतिकडं बघाया लागतं, काय घाबरण्यासारखं हाय म्हणून. तू तिला इचार, नाचणी किती झाली." भिंतीवरचं घड्याळ त्यांनी भिंतीकडे तोंड करून लावलं होतं. पाठ फिरवून शिक्षा दिलेल्या पोरासारखं ते तिथे टिकटिक करत असायचं. का, तर बाईची नजर काट्यावर गेली की तिची कळ जाते. बाहेर सासू आणि नवरा ताटकळत असायचे. दार उघडलं की पहिला प्रश्न, "काय झालं?" बाईंचं उत्तर ठरलेलं: "माणूस झालं. दोन हात, दोन पाय. आई बरी आहे. पुढचं आत येऊन बघा." मुलगा की मुलगी हे त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

एकदा एक म्हातारी सुनेच्या खांद्यावरचं मांजर बघून हटूनच बसली. "माजी सा पोरं झाली, घरच्या घरी, चुलीपाशी. मला एक पन मांजर नाय?" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्यांनी म्हातारीला सहा मांजरं आणून दिली, सहा रंगांची. म्हातारीनं सहाच्या सहा एका रांगेत लावली आणि तशीच मुरबाडच्या बाजाराला गेली. सुनेची पंचाईत झाली, तिचं एकच.

आता त्या विणण्यामागची खरी गोष्ट सांगते. मला ती फार उशिरा कळली. मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती, कारण तो म्हातारपणाचा चाळा आहे असं मी ठरवून टाकलं होतं.

गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं आणि बाई जोर द्यायला लागली, की मोठ्या बाई नवं मांजर सुरू करायच्या. एका कळेमागे एक फेरी. कळ आली की सुई मांडीवर, हात पोटावर. कळ गेली की बाळाचे ठोके ऐकायचे, मग पुढची फेरी. तोंडाच्या आठ फेऱ्या, अंगाच्या दहा, मग कान, मग शेपूट. शेपूट सुरू करायची वेळ आली आणि बाळाचं डोकं दिसत नसलं, तर सुई खाली ठेवायची आणि गाडी बोलवायची, मोठ्या दवाखान्यात न्यायला. मुरबाडला. मग कुणाचं काही ऐकायचं नाही. ते मांजर म्हणजे बाईंचं घड्याळ होतं, आणि टेबलावरच्या बाईला वाटायचं की नर्स निवांत विणतेय म्हणजे सगळं ठीक चाललंय. निदान असा बाईंचा समज होता.

ती मुलगी वीटभट्टीवरून आली होती. दिवाळीनंतर कल्याणच्या बाजूला भट्टीवर गेलेलं कुटुंब. नववा महिना लागला तशी सासू तिला घेऊन पाड्यावर परतली होती. एकोणीस-वीस वर्षांची, पहिलंच. हातावर मातीच्या भेगा. पायांवर सूज नव्हती, रक्तदाब बरा होता, बाळ सरळ होतं. काळजीचं काही नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुमारास ती जोर द्यायला लागली आणि बाईंनी डब्यातून निळी लोकर काढली. मी वेळा लिहायच्या कागदावर नाव घातलं आणि तो खिडकीत ठेवला. म्हटलं, भरू सगळं एकदम.

तोंड झालं. अंग सुरू झालं. मुलगी ओरडत नव्हती. दात आवळून नुसती बाईंच्या हातांकडे बघत होती. बाई तिच्याशी भाताच्या पेंढ्याबद्दल बोलत होत्या. अंगाच्या नऊ फेऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात पडवीत आरडाओरडा झाला. एक माणूस मुलाला उचलून धावत आला होता. ताप डोक्यात जाऊन पोराला झटके येत होते, डोळे वर गेले होते. बाई उठल्या. "बघ गो हिच्याकडं," एवढं बोलल्या, विणकाम स्टुलावर ठेवलं आणि गेल्या.

मी स्टुलावर बसले. मांजर हातात घेतलं. अंगाच्या तिसऱ्या फेरीत एक टाका सुटला होता आणि तिथून पोट वाकडं होत गेलं होतं. स्पष्ट दिसत होतं. माझ्या बोटांना मी थांबवलं नाही, खरं सांगायचं तर थांबवावं असं मनातसुद्धा आलं नाही. सुई काढली आणि धागा ओढला. सर्र, सर्र. सात फेऱ्या. वाटलं, दोन मिनिटांत परत घालून देईन, नीट, सरळ, बाईंना कळेल तरी की या केंद्रात कुणालातरी विणता येतं. हे असलं मनात होतं माझ्या! समोर एक मुलगी जीव तोडून जोर देतेय आणि मला कौतुक हवं होतं.

मग तिला कळ आली. मी विणकाम ठेवलं आणि पोटावर हात ठेवला. कळ गेली, लगेच दुसरी आली. बाहेर ते पोर रडायला लागलं, म्हणजे शुद्धीवर आलं. माझ्या जिवात जीव आला. फेऱ्या घालायच्या राहून गेल्या.

बाई परत आल्या, हात धुतले, मांजर उचललं. आणि थांबल्या. नखानं फेऱ्या मोजल्या. परत मोजल्या.

"दोनच?"

मी मुलीच्या कपाळावरचा घाम पुसायला लागले.

"मला वाटलं, मी गेले तवा अंग होत आलं होतं." त्यांनी कपाळ चोळलं. मग स्वतःशीच हसल्या. "म्हातारी झाले गो. डोक्यात राहत नाय काय. म्हणून तर हे इणते, हे इसरत नाय. दोन फेऱ्या म्हंजे आत्ताशी सुरुवात. हाय चांगला टाइम."

त्या क्षणी मला सगळं कळलं. फेऱ्या म्हणजे काय, स्टूल म्हणजे काय, पाठ फिरवलेलं घड्याळ म्हणजे काय. आणि तरीही मी गप्प बसले. आज इतक्या वर्षांनी सांगतेय, मी तेव्हा स्वतःला काय समजावलं: डोकं आत्ता दिसेल. पुढच्या कळेला दिसेल. मग सांगायची गरजच पडणार नाही.

पुढची कळ आली. डोकं दिसलं नाही. बाईंनी एक फेरी घातली. त्याच्या पुढची कळ आली. दिसलं नाही. आणखी एक फेरी. मुलगी आता बाईंच्या हातांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला पाणी हवं असेल. मी ओठांना पाणी लावलं. तिनं तोंड फिरवलं.

बाईंनी ठोक्यांचं यंत्र पोटाला लावलं. एकशे दहा, हवेत एकशे वीसच्या वर. कळ येऊन गेली. पंच्याण्णव. बाईंच्या कपाळाला आठी पडली. परत लावलं. आकडा सावकाश वर चढला, पण फारच सावकाश.

"बाई," मी म्हटलं, "मी उसवलं."

"काय?"

"मांजर. टाका चुकला होता म्हणून... सात फेऱ्या उसवल्या. आणि तुम्ही बाहेर होता तेव्हाच्या घातल्याच नाहीत."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओठ हलले, मोजत होत्या. मग विणकाम खाली पडलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"शेपटीची येळ कवाच होऊन गेली. फोन लाव. तू लाव, मी हिला सोडत नाय."

सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन मुरबाडला गेली होती, यायला तास लागला असता. मी अनवाणीच पाड्यात धावले. एका जीपवाल्याला जेवणाच्या ताटावरून उठवलं. बाईंनी मुलीला डाव्या कुशीवर झोपवून ऑक्सिजन लावला होता. तिला मागच्या सीटवर आडवी केली, सासू उशाला बसली, बाई पायाशी, आणि मी बाळाला श्वास द्यायची पिशवी छातीशी धरून दाराला टेकून. सासू एकच वाक्य परत परत बोलत होती, "भट्टीवर ऱ्हायलो असतो तर बरं झालं असतं, भट्टीवर ऱ्हायलो असतो तर." मला वाटत होतं ती मलाच बोलतेय.

रस्ता कसा गेला ते सांगता यायचं नाही. टोकावडं मागे पडलं. बाईंचा एक हात सतत पोटावर होता. सरळगाव यायच्या आधी त्या ओरडल्या, "गाडी बाजूला घे! उतर खाली, तिकडं तोंड कर!" हादऱ्यांनी म्हणा, कुशीवर झोपवल्यामुळे म्हणा, डोकं खाली आलं होतं. भर दुपारी, बाजूनं भाजीचे टेम्पो जाताहेत, आणि सासूनं जीपच्या दाराला लुगड्याचा पदर धरलेला.

बाळ आलं. निळं. मान लुळी. आवाज नाही.

बाईंनी नाळ कापली, पुसलं, पाठ चोळली. काही नाही. नळीनं तोंडातलं पाणी ओढलं. काही नाही. "पिशवी," त्या म्हणाल्या. मी ते चिमुकलं नाकतोंड झाकलं आणि दाबायला लागले. बाई मोजत होत्या. "दाब. सोड. सोड. दाब. सोड. सोड." त्यांचा आवाज जराही हलला नाही. मी मनात देवाला नाही, त्या बाळाला विनवत होते. रड गं बाई. रड. माझ्यासाठी रड.

किती वेळ गेला मला माहीत नाही. छाती एकदा आपणहून उचलली गेली. मग एक बारीक आवाज आला, दार करकरल्यासारखा. मग खरं रडणं. मी तिथेच रस्त्यात बसले. सासू रडायला लागली. "काय झालं? काय झालं?" असं ती विचारत होती, आणि बाई तिला सांगायला गेल्या, "माणूस...", आणि तिथे मात्र त्यांचा आवाज हलला.

बाळाला बरेच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचलं. मुलगीच होती. तिच्या आईला त्या दिवशी मांजर मिळालं नाही.

दोन दिवसांनी डॉक्टर केंद्रावर आले. कागद कोरा, गाडी बोलवायला उशीर, कारण काय? मी तोंड उघडलं तर बाईंनी माझ्या आधी सांगून टाकलं, "माझा अंदाज चुकला साहेब. वय झालं." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. वीस वर्षांत बाईंच्या नावावर लागलेला तो एकच डाग, आणि तोही त्यांचा नव्हता. ते गेल्यावर मी पाय धरायला वाकले तर पाय मागे घेतले. "तुला अजून तीस वर्षं काढायची हायत इथं. मला दोन महिने. आणि नाटकं नको करू. तू उसवलं ते जाऊ दे, हात चुकतो. पण दोन फेऱ्या गप बसलीस. त्या दोन फेऱ्या इसरू नको."

त्यानंतर त्यांनी एकही मांजर विणलं नाही. मनगटावर घड्याळ बांधून येऊ लागल्या आणि टेबलापाशी उभ्या राहून, बाईला दिसेल असं, त्यात बघायच्या. मला ते बघवायचं नाही. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झालं, भाषणं झाली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टोपड्यांचं कौतुक केलं. टोपड्यांचं! खरं सांगायची संधी समोर होती, चाळीस माणसं बसली होती, आणि मी टोपड्यांवर बोलले. बाई मान खाली घालून ऐकत होत्या.

तीन वर्षांनी ती भट्टीवाली मुलगी परत आली. दुसरं पोट, सातवा महिना. कडेवर तीच लेक, धट्टीकट्टी, माझ्या गळ्यातल्या नळीला हात घालणारी. मी तिला तपासलं. वजन केलं, रक्तदाब बघितला. तिनं इकडेतिकडे बघून विचारलं, "ती मांजरवाली बाय नाय का?"

"निवृत्त झाल्या," मी म्हटलं. आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. त्या डागाचं तीन वर्षांचं ओझं होतं. मी दार लोटून घेतलं. "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी उशीर झाला तो बाईंमुळे नाही. माझ्यामुळे झाला. त्या मांजरावर त्या वेळ मोजायच्या, आणि त्या बाहेर गेल्या तेव्हा मी..."

"उसवलं," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"मी बघत व्हते ना. समोरच व्हते." ती लेकीचं झबलं नीट करत होती. "शेपटीला लागली का गाडी येते, ह्ये सगळ्या पाड्यांना म्हाईत हाय. माज्या सासूला म्हाईत, जावंला म्हाईत. आमी सगळ्या त्या मांजराकडंच बघत असतो. तुमी वढत व्हता धागा आन् त्ये बारीक बारीक व्हत चाललं, तवा मला वाटलं, आता मी काय वाचत नाय."

"मग बोलली का नाहीस? बाईंना तरी सांगायचं!"

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुमी नर्स. मला वाटलं, तुमी बाहेरच्या त्या झटकेवाल्या पोरासाठी गाडी राखून ठेवली आसंल. मला नाय द्यायची, आसं ठरलं आसंल तुमचं."